एका मोटारीची मागची कांच

इ. स. १९६२ च्या शरद ऋतूंत अमेरिकेंतील सेंट लुई शहरच्या कारखान्यांतून एक नवी मोटार बाजारांत आली. शेव्हरोले कंपनीची कॉर्वेट स्टिंग रे हें तिचें नांव. स्टिंग रे म्हणजे आपल्या कोंकण किनाऱ्यावरील कोळी ज्याला पाकट म्हणतात तो चपटा, लांब शेपटीचा मासा. नांवाप्रमाणेंच या मोटारीची पाठ मागें निमुळती होत गेलेली होती, आणि त्या पाठीच्या मधोमध एक उठावदार कणा होता. हा कणा छपरावरून खालीं उतरतां उतरतां मागच्या खिडकीलाही दुभागून जाई. त्यामुळें १९६३ सालची म्हणून विकल्या गेलेल्या या बंद छपराच्या मोटारीला मागें एका अखंड कांचेऐवजीं दोन कांचा होत्या.

पुढचें साल उजाडलें, आणि या नव्याकोऱ्या मोटारींचे कांहीं मालक त्या घेऊन कारागिरांकडे जाऊं लागले. मागणी एकच: मधला कणा कापून टाकावा व दोन कांचांच्या जागीं एक मोठी कांच बसवावी. कारागिरांनीं तसें केलें. आज त्याच कापलेल्या जागीं नवा कणा सांधून दोन कांचा परत घालण्यासाठीं मालकांना पुष्कळ पैसा खर्चावा लागतो. एका खिडकीची ही कथा वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल; परंतु सोय आणि सौंदर्य यांचा कलह, व काळानें त्या कलहाला दिलेलें वळण, हीं तिच्यांत फार स्पष्ट दिसून येतात.

मोटारीच्या मागें दोन कांचा असणें हें १९६३ सालीं नवें नव्हतें. उलट तें जुनेपणाचें लक्षण होतें. मोटारींच्या आरंभीच्या काळांत कांच सपाटच वापरीत. मोठी कांच बिनचूक वांकविणें अवघड व खर्चाचें असे. पुढें मोटारींचे आकार गोलसर होऊं लागले, तेव्हां गोल पाठींत सपाट कांच बसविण्याचा सोपा उपाय म्हणजे तिचे दोन भाग करून मधें दांडी घालणें हाच होता. जर्मनीच्या सुप्रसिद्ध फोक्सवागनला मार्च १९५३ पर्यंत मागें अशाच दोन लहान खिडक्या होत्या. त्यानंतर एक लंबगोल खिडकी आली, आणि मग जुन्या गाडीच्या कांहीं मालकांनीं मधली दांडी करवतीनें कापून आपली गाडी नवी दिसावी अशी तजवीज केली. म्हणजे कॉर्वेटच्या मालकांनीं जें केलें, त्याची तालीम एका स्वस्त गाडीवर दहा वर्षें आधींच झालेली होती.

परंतु कॉर्वेटचा कणा हा गरजेचा नव्हता, हौसेचा होता; आणि त्या हौसेचें मूळही एका जुन्या गरजेंत सांपडतें. फ्रान्समधील बुगाटी कारखान्यानें १९३५ सालीं एरोलिथ नांवाची नमुन्याची मोटार केली. तिचें अंग इलेक्ट्रॉन नांवाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचें होतें. मॅग्नेशियम तापविलें असतां पेट घेतें. म्हणून तें तापवून सांधण्याची सोय नव्हती. अंगाचे दोन अर्धे भाग रिव्हेट ठोकून जोडावे लागले, आणि पाठीवरून एक उभी शिवण राहिली. पुढें १९३६ ते १९३८ या काळांत याच घराण्यांतील चार अटलांटिक मोटारी तयार झाल्या. त्यांचें अंग ॲल्युमिनियमचें होतें व शिवणीची आवश्यकता उरली नव्हती. तरीही शिवण ठेवण्यांत आली. जें नाइलाजानें आलें तेंच भूषण ठरलें. या शिवणीचा ठसा स्टिंग रेच्या कण्यावर आहे असें मोटारींचे इतिहासकार मानतात.

कॉर्वेट ही स्वतः तोंवर दहा वर्षांची झाली होती. जानेवारी १९५३ मध्यें न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलांतील प्रदर्शनांत ती प्रथम लोकांच्या दृष्टीस पडली. त्या वर्षीं अवघ्या ३०० गाड्या निघाल्या. तिचें अंग पत्र्याचें नव्हे, तर कांचेचे बारीक तंतु राळेंत बसवून केलेल्या फायबरग्लासचें होतें. १९६३ च्या आवृत्तींत शर्यतीच्या गाडीचा वेग आणि श्रीमंती थाट यांची सांगड घातली गेली: कातडी बैठका, सुकाणूचें चक्र हलकें फिरविणारी यंत्रणा, एवढेंच नव्हे तर हवा थंड करणारें यंत्रही हवें असल्यास मिळूं लागलें. बंद छपराच्या गाडीची मूळ किंमत ४,२५७ डॉलर होती.

या मोटारीच्या घडणींत दोन माणसांचा हात मोठा होता, आणि खिडकीचा कलह या दोघांतलाच. पहिले विल्यम मिचेल. १९५८ च्या अखेरीस हार्ले अर्ल निवृत्त झाल्यावर जनरल मोटर्सच्या आकाररचना खात्याचे ते प्रमुख झाले. मोटार ही आधीं डोळ्यांत भरली पाहिजे, हा त्यांचा बाणा. दुसरे झोरा आर्कस-डंटॉव्ह. त्यांचा जन्म १९०९ सालीं ब्रुसेल्स येथें एका रशियन कुटुंबांत झाला, शिक्षण बर्लिनमध्यें, आणि १९५३ पासून ते जनरल मोटर्सच्या चाकरींत. ते नुसते कागदावरचे यंत्रज्ञ नव्हते. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत १९५४ व १९५५ अशीं दोन वर्षें पोर्श गाडी हांकून त्यांनीं आपल्या वर्गांत जय मिळविला होता. रात्रीच्या अंधारांत आरशावर नजर ठेवून गाडी हांकणें म्हणजे काय, हें त्यांनीं प्रत्यक्ष भोगलेलें होतें.

डंटॉव्ह यांचा आक्षेप साधा होता. चालकानें आरशांत पाहिलें कीं मागून येणारी गाडी जेथें दिसावयास हवी, नेमका तेथेंच हा कणा आडवा येतो. वेगवान मोटारीला मागचें दिसणें हा शोभेचा प्रश्न नसून जिवाचा प्रश्न आहे. मिचेल यांचें म्हणणें असें कीं, पुढच्या झांकणावरील उंचवट्यापासून शेपटीपर्यंत जाणारी ही एकच रेषा या मोटारीचा प्राण आहे. ती काढली तर सारी रचना व्यर्थ. दोघांचेंही आपआपल्या ठिकाणीं खरें होतें, आणि म्हणूनच तडजोडीला जागा राहिली नाहीं. कणा एक तर ठेवावा लागतो, नाहीं तर काढावा लागतो. अर्धा कणा ठेवतां येत नाहीं. पहिल्या वर्षीं मिचेल यांची सरशी झाली.

१९६३ च्या सालांत एकंदर २१,५१३ कॉर्वेट निघाल्या. त्यांपैकीं १०,९१९ कापडी छपराच्या होत्या. त्यांना कणा नव्हता, आणि मागची खिडकीही कांचेची नसून लवचिक प्लास्टिकची होती. उरलेल्या १०,५९४ गाड्या दुभंग कांचेच्या. गाडीच्या रूपाची वाहवा झाली, पण मागचें नीट दिसत नाहीं ही तक्रार मोटारविषयक नियतकालिकांनीं व ग्राहकांनीं केलीच. परिणाम असा झाला कीं, १९६४ च्या गाडींतून कणा गेला व मागें एकसंध कांच आली. डंटॉव्ह यांचा पक्ष एका वर्षानें कां होईना, विजयी झाला.

येथून मालकांची घालमेल सुरू झाली. गतवर्षीं घेतलेली गाडी एका वर्षांत जुनी दिसूं लागली, आणि शिवाय आरशांत तो कणा रोज खुपे. मग तो काढण्याचा विचार आला. परंतु एखाद्या कारागिरानें कांचेचें तावदान घेऊन हिऱ्यानें कापावें व खिडकींत बसवावें, असें हें काम नव्हे. याचें कारण मोटारीच्या कांचेच्या जातींत आहे.

मोटारीला साधी कांच चालत नाहीं. ती फुटली तर तिच्या सुऱ्या होतात. पुढच्या कांचेसाठीं उपाय सांपडला तो फ्रान्सच्या एदुआर बेनेडिक्टस यांना. १९०३ सालीं त्यांच्या हातून एक कांचपात्र पडलें. तें तडकलें, पण विखुरलें नाहीं, कारण आंत सुकलेल्या सेल्युलोजच्या द्रव्याचा पातळ थर चिकटून राहिला होता. त्यावरून दोन कांचांच्या मधें असा थर घालण्याची कल्पना निघाली, आणि १९०९ मध्यें त्यांनीं तिचें पेटंट घेतलें. मागच्या व बाजूंच्या कांचांसाठीं सामान्यतः दुसरी रीत वापरतात. लोहार जसा पोलादाला पाणी देतो, तसें या कांचेला जणू वाऱ्याचें पाणी देतात. कांच सहाशें अंश सेंटिग्रेडहून अधिक तापवावयाची आणि दोन्ही अंगांनीं हवेचे झोत सोडून एकदम निववावयाची. पृष्ठभाग आधीं घट्ट होतो, गाभा मागाहून आकसतो. त्यामुळें वरचा थर सदैव दाबाखालीं आणि आंतला ताणाखालीं राहतो. अशी कांच साध्या कांचेपेक्षां कितीतरी कणखर असते, आणि फुटलीच तर तिचे बोथट, लहान लहान दाणे होतात. या रीतीचें मूळ १८७४ पर्यंत मागें जातें. त्या वर्षीं द ला बास्ती या फ्रेंच गृहस्थांनीं तापलेली कांच कढत तेलांत बुडवून कणखर करण्याची युक्ति काढली होती.

या कांचेचा गुण तोच तिचा अडसर. एकदां पाणी दिल्यावर तिला कापतां येत नाहीं, भोंक पाडतां येत नाहीं. तसें करूं जातां ती जागच्या जागीं दाणेदार होऊन कोसळते. म्हणून ती कारखान्यांतूनच मापाची, आकाराची आणि वांकाची व्हावी लागते. १९६४ ची तयार कांच त्याच घेरांत बसूं शकत होती, म्हणूनच जुन्या गाडींतील हा पालट शक्य झाला.

काम असें चाले. प्रथम कडेच्या चकचकीत पट्ट्या व रबर काढून दोन्ही कांचा उतरवावयाच्या. मग मधला कणा वरून व खालून करवतीनें कापावयाचा. अंग फायबरग्लासचें असल्यानें करवत झटकन् चाले. पोलादी गाडीइतके कष्ट पडत नसत. कापलेल्या कडा कानशीनें घांसून, राळ व तंतूंचें कापड लावून भरून काढावयाच्या, आणि वर रंग द्यावयाचा. शेवटीं कांच. रबरी पट्टींत कांच बसविण्याची त्या काळची सर्वत्र रूढ रीत अशी: पट्टी कांचेभोंवतीं चढवावयाची, तिच्या बाहेरच्या खांचेंत दोरी घालावयाची, एकानें बाहेरून कांच दाबून धरावयाची व दुसऱ्यानें आंतून दोरी हळूहळू ओढावयाची, म्हणजे रबराचा ओंठ खिडकीच्या काठावरून आंत वळतो आणि कांच बसते. मालक गाडींत बसे, आरशांत पाही, आणि मागचा रस्ता मोकळा दिसे. त्याचें समाधान खोटें नव्हतें.

काळाचें चक्र मात्र तेथें थांबलें नाहीं. १९६४ पासून १९६७ पर्यंत त्या घडणीच्या सर्व बंद गाड्या एका कांचेच्या झाल्या; दुभंग कांच ही एकट्या १९६३ ची खूण ठरली. ज्या दोषाबद्दल ती नांवाजली गेली नव्हती, त्याच दोषामुळें ती दुर्मिळ झाली, आणि दुर्मिळतेबरोबर तिची किंमत चढली. १९७४ मध्यें जुन्या कॉर्वेट मूळ स्वरूपांत राखणाऱ्यांची संस्था अमेरिकेंत स्थापन झाली. मग गाडीचा प्रत्येक भाग मूळचा आहे कीं नाहीं, याची छाननी सुरू झाली. त्या काळच्या कॉर्वेटला ओहायो प्रांतांतील लिबी-ओवेन्स-फोर्ड कारखान्याची कांच असे, आणि तिच्या कोपऱ्यांत महिना व साल सांगणारीं दोन अक्षरें कोरलेलीं असत. आज अशा गाडीची मागची कांच फुटली तर नुसती कांच घालून भागत नाहीं. तीं दोन अक्षरें गाडीच्या जन्मतारखेशीं जुळलीं पाहिजेत. जुन्या नमुन्याबरहुकूम केलेल्या कांचांवरही तशीं अक्षरें कोरून मिळतात.

ज्यांनीं कणा कापला होता त्यांच्या गाडींत आतां कणा परत आणण्याचा खटाटोप होऊं लागला. नव्यानें केलेला कणा सांधतां येतो, राळेनें भरतां येतो, रंगानें झांकतां येतो. पण आंतून बारकाईनें पाहणाऱ्याला सांध्याची रेघ सहसा चुकत नाहीं. येथें एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. कांच बदलणें ही दुरुस्ती आहे. जुनी काढली, नवी घातली, आणि मनांत आलें तर पुन्हां जुनी घालतां येते. गाडीला जखम होत नाहीं. कणा कापणें हें निराळें. तें एकदांच करतां येतें. कापणारा मालक मूर्ख नव्हता व कारागीरही लबाड नव्हता. मालकानें गाडी चालविण्यासाठीं घेतली होती, साठ वर्षांनंतरच्या लिलांवासाठीं नव्हे. आणि मागचें दिसावें ही त्याची इच्छा रास्त होती. परंतु जो पालट उलटविण्याजोगा नसतो, त्याचा हिशेब करणाऱ्याच्या हयातींत पुरा होत नाहीं, एवढें या कापलेल्या गाड्यांनीं सिद्ध केलें.

मिचेल १९८८ मध्यें निवर्तले व डंटॉव्ह १९९६ मध्यें. डंटॉव्ह यांच्या अस्थि केंटकी प्रांतांतील बोलिंग ग्रीन येथील कॉर्वेट संग्रहालयांत ठेवलेल्या आहेत. ज्या कण्याला त्यांनीं कसून विरोध केला, त्या कण्याच्या मोटारींवर लुब्ध झालेली माणसें आज त्यांच्या समाधीवरूनच पुढें जातात.

कथेचा शेवट अलीकडचाच आहे. जुलै २०२४ मध्यें शेव्हरोले कंपनीनें झेडआर१ ही नवी कॉर्वेट जाहीर केली. तिच्या पाठीवर १९६३ नंतर प्रथमच मागची कांच दुभंगणारा कणा परत आला आहे. तो कार्बनच्या तंतूंचा आहे. या गाडीचें इंजिन चालकाच्या पाठीमागें असतें, आणि त्याची उष्णता बाहेर टाकण्यास या कण्याची मदत होते. बुगाटीच्या कारखान्यांत जी गोष्ट गरज म्हणून जन्मली आणि मिचेल यांच्या हातीं हौस झाली, ती अशा रीतीनें पुन्हां कामाला लागली आहे. मागचें पाहण्यासाठीं आतां शेपटीजवळ छायायंत्र बसवितां येतें व त्याचें चित्र आरशाच्या जागीं दिसतें. डंटॉव्ह यांचा आक्षेप अखेर मिटला. मात्र तो मिटविण्यास करवत लागली नाहीं.