माळ्यावरच्या तबकड्या

आळंदच्या आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तीत सव्वीस तबकड्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यांत गुंडाळलेल्या. आज्जीनं त्या विकल्या नाहीत, फोडल्या नाहीत, आणि एका चातुर्मासानंतर कधी लावल्याही नाहीत.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तिथून आपल्याकडच्या तबकडीची गोष्ट सुरू होते. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. गाणं संपताना बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, आणि तिथल्या कामगाराला कुणाचं गाणं ते कळायला हवं. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला, मग माल इथंच होऊ लागला.

आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. सोलापूरहून काही आणायचं म्हटलं की करोडगिरीचा नाका आडवा. तरीही तबकड्या यायच्या. नाटक बघायला पुरुष सोलापूरला जाऊन येत, बायका घरी. बालगंधर्व आमच्या आज्जीनं कधी डोळ्यांनी पाहिले नाहीत, ऐकले मात्र पाठ होईपर्यंत. तिकीट लावून मैफल करण्याचं धाडस ज्या बायकांनी आधी केलं त्यांतल्या हिराबाई बडोदेकर. त्यांचा आवाज सोप्यात घुमायचा आणि आज्जी चावी भरत बसायची. घरंदाज बाईला बाहेरचं गाणं मिळालं ते असं, उंबरा न ओलांडता. त्याची किंमत आज कळायची नाही.

पण तबकडी कशाची? लाखेची. लाखेत दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू घालून गरम साच्यात दाबायची. आणि लाख म्हणजे पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर बसणाऱ्या बारीक किड्यांनी अंगाभोवती केलेलं कवच. फांदी खरवडताना, लाख तापवताना आतले किडे मरतात. सगळ्या जगाची लाख मुख्यतः आपल्या छोटा नागपूरकडून जायची. दुसऱ्या महायुद्धात जहाजं अडली तेव्हा, १९४२ साली, अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांना मिळणारी लाख सरकारनं एकदम कमी केली, आणि नव्या छापायला लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा केल्या.

आपल्या शास्त्रात हे फार आधी येऊन गेलंय. उपासकदशांगात श्रावकानं टाळायचे पंधरा धंदे सांगितलेत, त्यांत लाक्षावाणिज्य आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही ती यादी येते. चातुर्मासात बस्तीत प्रवचनाला हा विषय निघाला, आणि आज्जी घरी येऊन काकांना म्हणाली, “आपली तबकडी कशाची रे?” काकांनी खरं ते सांगितलं. (खोटं सांगितलं असतं तर काय झालं असतं, असं माझ्या मनात पुष्कळदा येतं.) त्या रात्री पेटी भरली.

काका म्हणाले, विकून टाकू. आज्जी म्हणाली, “विकली की व्यापार झाला बघ.” फोडू? “फोडून किडे उठून बसणार आहेत व्हय?” रेशमी शालू तिनं मात्र सोडला नाही. शालू नेसणाऱ्या आम्ही बायकांनी या बाबतीत कुणाला फार शिकवू नये, हेही खरंच.

१९४८ मध्येच अमेरिकेत विनाइलची एलपी निघाली होती. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे, एका बाजूला वीसेक मिनिटं गाणं. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या १९७० च्या सुमारापर्यंत छापत होते, म्हणजे जगात जवळजवळ शेवटी. माझ्या वडिलांनी एलपीचं यंत्र आणलं तेव्हा आज्जीनं पहिल्यांदा तबकडी हातात घेऊन वाकवून बघितली. वाकली. “ही कशाची?” प्लास्टिकची, तेलापासून होते. मग ती बसली ऐकायला, पुऱ्या पंधरा वर्षांनी. माझा एलपींचा नाद तिथून लागला. आता कपाट भरलंय.

परवा भाचा आला. म्हणाला, आत्या, पेटीतलं सगळं फोनमध्ये भरून देतो, प्रत्येक तबकडी एकदाच लावावी लागेल. दोन तबकड्यांना तडा गेलाय, आणखी थांबलो तर उरलेल्याही जातील. मी अजून हो म्हटलेलं नाही. पेटी खाली काढून घेतली आहे, फडकी बदलली आहेत.