काजव्यांचे छायाचित्रण

पावसाळ्याच्या तोंडावर झाडांवर लुकलुकणाऱ्या काजव्यांची दीर्घ उद्भासनाने (कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून) छायाचित्रे घेण्याचा प्रकार (पहा : निसर्ग छायाचित्रण). अंधारातही कमी दाणेदार चित्र देणारे डिजिटल कॅमेरे आल्यावर तो रुळला. मावळातील राजमाची, अकोले तालुक्यातील पुरुषवाडी व भंडारदरा ही त्याची परिचित ठिकाणे. हंगाम मेअखेर ते जून, जोराचा पाऊस लागेपर्यंत.

नर काजवे मादीला खुणावण्यासाठी चमकतात. ल्युसिफेरीन या द्रव्याच्या ऑक्सिडीभवनातून निघणारा हा पिवळट हिरवा प्रकाश जवळजवळ उष्णताहीन असतो (पहा : जीवदीप्ती). चांदणे नसलेल्या रात्री कॅमेरा तिपाईवर पक्का बसवून २०–३० सेकंदांच्या अनेक चौकटी घेतात व संगणकावर एकमेकींवर चढवतात. झाडे व डोंगररेषा यांची चौकट बहुधा संधिप्रकाशातच टिपलेली असते. अशा चित्रात बराच वेळ चाललेली लुकलुक एकत्र साठते. डोळ्यांना तेवढे ठिपके एका क्षणी दिसत नाहीत, म्हणून चित्रात खरे रानही मायावी भासते. एकाच उद्भासनाचे चित्र प्रत्यक्षाच्या अधिक जवळचे, पण तुलनेने विरळ.

काजव्यांचा हंगामी वावर नोंदवण्यास ही चित्रे उपयोगी पडतात. विजेरी, फ्लॅश व वाहनांचे दिवे मात्र प्रकाशसंकेतांत, पर्यायाने मीलनात, व्यत्यय आणतात (पहा : काजवा, प्रकाश प्रदूषण).