सुलतानपूरची सीमा

तापीकाठच्या ज्या शिवारांतून आम्ही कुटुंबभेटींना जातो, तेथे पंधराव्या शतकात गुजरात व खानदेश या सलतनतींची सीमा होती. शहादा तालुक्यातील सुलतानपूर आणि नंदुरबार तेव्हा गुजरातकडे होते.

युद्धाचे मूळ घरात होते. मलिक राजा फारुकी १३९९ मध्ये वारला. राज्य दोन पुत्रांत विभागले गेले. थोरल्या नसीरखानाने १४१७ मध्ये माळव्याच्या होशंगशाहाची कुमक आणून धाकट्याचे थाळनेर घेतले, आणि लगेच दोघे सुलतानपूरवर चालून गेले. गुजरातच्या अहमदशाहाचे सैन्य येताच माळव्याची फौज परतली. नसीर शरण गेला. भावाविरुद्ध बोलाविलेला सोबती असाच निघतो!

शतकानंतर गुजरातच्या तिसऱ्या महमूदशाहाने नंदुरबार व सुलतानपूर फारुकींना देऊन टाकले. कैदेत असताना त्याने तसा शब्द दिला होता, असे फिरिश्ता लिहितो.