चीनचा पहिला प्रवास: दोन राजधान्या

चीनला प्रथमच, आणि तेंही अवघ्या आठ दिवसांकरितां, जावयाचें ठरलें म्हणजे नगरांची यादी लांबत जाते. आमचें मत असें कीं, ती तोडण्यांतच शहाणपण आहे. शिआन व बीजिंग ह्या दोनच राजधान्या पाहाव्या, आणि त्याही इतिहासाच्या क्रमानें.

शिआन म्हणजे थांग सम्राटांचें छांगआन. दुसऱ्या पुलकेशीचा महाराष्ट्र पाहून गेलेला ह्युएनत्संग इ. स. ६४५ मध्यें येथेंच परतला. त्यानें नेलेल्या ग्रंथांसाठीं ६५२ मध्यें उभारलेला व पुढें नव्यानें बांधलेला मनोरा आजही उभा आहे. १९७४ सालीं विहीर खणतांना शेतकऱ्यांस सांपडलेली पहिल्या सम्राटाची मातीची सेनाही येथून जवळच. बीजिंगचा राजवाडा पुरा झाला तो १४२० सालीं, म्हणजे ह्युएनत्संग परतल्यावर पावणेआठशें वर्षांनीं! हें अंतर मनांत भरावें म्हणून आधीं शिआनला तीन दिवस, मग आगगाडीस एक आणि बीजिंगला चार द्यावे.

लोयांग, नानजिंग राहिलीं ह्याचें दुःख करूं नये. राहून गेलेलीं नगरें पुन्हां बोलावितात. धांवत पाहिलेलीं मात्र स्मरणांतही उरत नाहींत.