काटा थांबतो तेव्हा

वजन उतरविण्याचा निश्चय करून आहार आवरलेल्या माणसाची कहाणी बहुधा सारखीच असते. पहिल्या महिन्यात तराजूचा काटा भराभर खाली येतो, पुढे त्याची गती मंदावते, आणि मग एका आकड्यावर तो जो अडतो तो आठवडेच्या आठवडे हलत नाही. ताटात भर पडलेली नसते. घरची माणसे तरीही संशयाने पाहू लागतात. तो बिचारा आपल्याच निग्रहाला दोष देतो, नाहीतर त्वेषाने उरलेली भाकरीही अर्धी करतो. या अडलेल्या काट्याचा उलगडा ज्या प्रयोगाने फार स्पष्टपणे केला, तो प्रयोग वजन उतरविण्याच्या हेतूने केलेलाच नव्हता.

दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपात असंख्य लोक उपासमारीने खंगले होते, आणि अशा माणसांना पुन्हा कसे पोसावे याचे शास्त्र कोणापाशीही पुरेसे नव्हते. म्हणून मिनेसोटा विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी 1944 च्या नोव्हेंबरात 36 निरोगी तरुणांना विद्यापीठाच्या क्रीडांगणाच्या प्रेक्षासज्जाखालील प्रयोगशाळेत आणले. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले आणि सैन्याऐवजी नागरी सेवा पत्करलेले हे तरुण होते. रणांगणावर न जाणाऱ्यांना भित्रे म्हणणे सोपे असते. या भित्र्यांनी परक्यांच्या भुकेसाठी स्वतः उपाशी राहणे स्वेच्छेने मान्य केले.

पहिले 12 आठवडे त्यांना रोज सुमारे 3,200 उष्मांकांचा पोटभर आहार मिळाला. 12 फेब्रुवारी 1945 पासून तो निम्म्यावर, म्हणजे सरासरी 1,570 उष्मांकांच्या आसपास, आणला गेला. पाव, बटाटे, सलगम, मॅकरोनी असे जेवण, तेही दिवसातून दोनदाच. आणि आठवड्याला 35 किलोमीटर चालणे सक्तीचे. असे 24 आठवडे चालले.

कीज यांनी प्रत्येकाच्या वजनाची एक वक्ररेषा आधीच आखून ठेवली होती. ती आरंभी एकदम उतरणारी, मग सौम्य होत जाणारी आणि चोविसाव्या आठवड्याला जवळजवळ आडवी होणारी अशी होती. ज्याचे वजन रेषेबाहेर जाई त्याच्या पाव-बटाट्यांत त्या आठवड्यापुरती घटबढ केली जाई. काट्याचे थांबणे हे कीज यांच्या लेखी संकट नव्हते. तो त्यांच्या आराखड्याचाच भाग होता. झालेही तसेच. सरासरी 69.4 किलो वजनाचे हे तरुण जुलैअखेर 52.6 किलोंवर आले, आणि जो आहार फेब्रुवारीत त्यांना वितळवीत होता तोच आता त्यांना जेमतेम पुरू लागला.

हे कसे घडले? लहान झालेल्या देहाला पोसायला अन्न कमी लागते, हे उघडच आहे. परंतु तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. विसाव्याच्या स्थितीत शरीर जी ऊर्जा खर्चते ती सुमारे 40 टक्क्यांनी घटली होती. देहाच्या घटीने जेवढी कमी व्हावी त्याहून ती अधिक कमी झाली होती. नाडी मंद झाली. ऐन उन्हाळ्यात ही मुले थंडीने कुडकुडत. शिवाय सक्तीचे चालणे सोडले तर बाकीची हालचाल त्यांच्या नकळत आटत गेली. ऊर्जेच्या या एकंदर काटकसरीत न केलेल्या हालचालींचा वाटा मोठा होता. आणखी एक फसवणूक पाण्याची. घोट्यांवर, चेहऱ्यावर सूज येई. चरबी आणि स्नायू झडत असताना साचलेले पाणी त्यांची जागा घेई, आणि तराजूला हा भेद कळत नसतो.

मिनेसोटाचे तरुण मुळात सडपातळ, त्यांची उपासमार कठोर. स्थूल माणसाच्या आहारनियमनात एवढी घट होत नाही. पण दिशा तीच असते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील रुडॉल्फ लायबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखविले की दहा टक्के वजन उतरलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च त्याच्या नव्या देहाच्या मानानेही कमी पडतो, मग तो पूर्वी स्थूल असो वा नसो.

तथापि सारा दोष देहाच्या काटकसरीवर ढकलणेही बरे नव्हे. कीज यांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक घास मोजलेला असे, आणि चोरून खाणे उघडकीस आल्यावर कोणाला एकट्याने बाहेर पडण्याचीही मुभा उरली नव्हती. घरी असा पहारा नसतो. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये तपासलेल्या, ‘काही केल्या वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या दहा जणांनी आपले खाणे प्रत्यक्षाहून सरासरी 47 टक्क्यांनी कमी सांगितले होते. ते सगळेच लबाड होते असे नाही. मधल्या वेळचे खाणे स्मरणातून फार सहज निसटते.

आणि गणिताचीही एक चूक आहे. 1958 मध्ये मॅक्स विश्नॉफ्स्की या डॉक्टरांनी मांडलेला हिशेब असा की 3,500 उष्मांकांची तूट म्हणजे एक पौंड वजन. त्यावरून लोकांनी ठरविले, रोज 500 उष्मांक कमी केले की वर्षात 52 पौंड जाणार. देह आपला खर्च कमी करीत जातो हे या त्रैराशिकात धरलेलेच नाही. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये सुधारून दिलेल्या हिशेबाने पहिल्या वर्षी सुमारे 25 पौंडच जातात, आणि आणखी तेवढेच उतरून वजन स्थिर व्हायला तीन वर्षांच्या आसपास लागतात.

तेव्हा काटा थांबला म्हणजे प्रथम तीन-चार आठवडे वाट पाहावी, कारण अडथळा पाण्याचा असू शकतो. मग आठवडाभर खाल्लेले सर्व, तेलाच्या चमच्यासकट, लिहून काढावे. तरीही काटा तेथेच राहिला, तर आताचा आहार आताच्या देहाला बरोबर पुरत आहे असे समजावे. पुढे जायचे असल्यास आहारात थोडीच घट करावी, डाळी-कडधान्ये, अंडी, मासे यांचे प्रमाण राखावे, स्नायू टिकविणारा व्यायाम करावा आणि दिवसभराचे उठणे-चालणे वाढवावे. आणि आहे ते वजन टिकविणे हेही काही लहान काम नव्हे. आहार एकदम अर्धा करण्यात मात्र धोका आहे. 1945 च्या उत्तरार्धात मिनेसोटाच्या त्या तरुणांना पुन्हा पोटभर अन्न मिळू लागले, तेव्हा त्यांची चरबी आधी भरून आली आणि पूर्वीच्या पातळीच्याही वर गेली. स्नायू मागाहून सावकाश आले.