बेदाणा

बेदाणा : पिकलेल्या द्राक्षांतील बहुतेक पाणी काढून तयार केलेला टिकाऊ सुका मेवा. ‘बेदाणा’ हा शब्द फार्सीतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘बी नसलेला’ असा आहे. बिनबियांच्या द्राक्षांपासून बेदाणे, तर बियांच्या द्राक्षांपासून मनुका होतात. सु. ४ किग्रॅ. द्राक्षांपासून १ किग्रॅ. बेदाणा मिळतो व त्यात सु. १५% पाणी राहते.

द्राक्षाच्या सालीवरील मेणाचा पातळ थर आतील ओलावा धरून ठेवतो. त्यामुळे नुसत्या उन्हात द्राक्षे वाळण्यास तीन-चार आठवडे लागतात. त्या अवधीत पाऊस आल्यास माल बुरशीने नासतो. बेदाण्याचा इतिहास हा बव्हंशी हा अवधी कमी करण्याच्या खटपटींचा इतिहास होय.

बायबलच्या जुन्या करारात अबीगईलने दावीदाला दिलेल्या शिधासामग्रीत सुक्या द्राक्षांच्या शंभर घडांचा उल्लेख आहे. इ. स. पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कॉल्युमेला याने वाळवणाची घरगुती रीत दिली आहे. राखेचे क्षारयुक्त पाणी उकळावे, त्यात थोडे चांगले तेल घालावे, घड त्यात क्षणभर बुडवून काढावेत व तट्ट्यांवर पसरून उन्हात वाळवावेत, अशी ती रीत होय. क्षार व तेल यांमुळे मेणाच्या थराचा अडसर कमी होऊन पाणी लवकर बाहेर पडते. आशिया मायनरमधील स्मर्ना (इझमीर) परिसरातही पोटॅश व ऑलिव्ह तेल यांचे मिश्रण वापरण्याची परंपरा आहे.

अफगाणिस्तानात मात्र निराळा मार्ग निघाला. तेथे मातीच्या भिंतींना अनेक झरोके ठेवून बांधलेल्या ‘किशमिशखान्यां’त घड टांगतात. कोरडा वारा आत खेळतो, पण ऊन लागत नाही. म्हणून बेदाण्याचा हिरवा रंग टिकतो. भारतात हा मेवा काबुली व्यापारी घरोघरी विकत. रवींद्रनाथ टागोरांच्या ‘काबुलीवाला’ (१८९२) या कथेचा नायक अशाच फेरीवाल्यांपैकी आहे.

माल टिकाऊ झाला, तरी भाव टिकतोच असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त झाल्यावर तेथील मद्यनिर्माते ग्रीसमधील बारीक काळ्या मनुका घेऊ लागले. ग्रीक शेतकऱ्यांनी कित्येक ठिकाणी ऑलिव्हची झाडे तोडून वेली लावल्या. पुढे फ्रान्समधील मळे सावरले, आयातीवर जबर कर बसला आणि १८९३ मध्ये भाव कोसळले. कर्जबाजारी झालेल्या अनेक कुटुंबांतील तरुणांना अमेरिकेची वाट धरावी लागली.

महाराष्ट्रात बेदाणानिर्मिती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फोफावली. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ, जत हे सांगली जिल्ह्यातील तालुके व सोलापूर जिल्हा ही तिची प्रमुख क्षेत्रे होत. थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या जातींची द्राक्षे त्यासाठी वापरतात. एक लिटर पाण्यात साधारणपणे २५ ग्रॅ. पोटॅशियम कार्बोनेट व १५ मिलि. इथिल ओलिएट मिसळून त्यात द्राक्षे काही मिनिटे बुडवितात. नंतर शेडमधील जाळ्यांच्या थरांवर पसरून सु. दोन आठवड्यांत सावलीत वाळवितात. पिवळ्या रंगासाठी गंधकाची धुरी देतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले.

या पद्धतीतील पोटॅशियम कार्बोनेट हा लाकडाच्या राखेतील प्रमुख विद्राव्य क्षार आहे, तर इथिल ओलिएट हे ऑलिव्ह तेलातील मुख्य अम्लापासून बनते. म्हणजे कॉल्युमेलाच्या काळातील राख व तेलच येथे शुद्ध रूपात आले आहे. घरी थोडी द्राक्षे वाळविताना ती उकळत्या पाण्यातून काही सेकंद बुडवून काढतात. त्यामुळे सालीला बारीक तडे जाऊन तोच हेतू साधतो. अवधी असा घटला असला, तरी धोका संपलेला नाही. फेब्रुवारी ते एप्रिल या हंगामात अवकाळी पाऊस व दमट हवा आल्यास शेडमधील माल काळवंडतो आणि वर्षभराचे कष्ट वाया जाण्याची वेळ बागाईतदारावर आजही येते.