पटिना

पटिना म्हणजे तांबे, कासे, पितळ इत्यादी धातूंच्या पृष्ठभागावर हवा व आर्द्रता यांच्या दीर्घकालीन परिणामाने तयार होणारा पातळ, रंगीत थर. हा शब्द मूळ इटालियन भाषेतील आहे. जुने लाकूड, चामडे किंवा दगड यांवर वयाने आणि हाताळणीने आलेल्या झाकेलाही व्यापक अर्थाने पटिना म्हटले जाते. तांब्यापितळेवर चढणाऱ्या अशा थरासाठी मराठीत 'कळंक' हा जुना शब्द आहे.

निर्मिती

उघड्यावरील तांबे प्रथम तपकिरी होते. हा ऑक्साइडचा थर असतो. पुढे अनेक वर्षांनी त्यावर हिरवट थर चढतो. शहरी हवेत त्यात मुख्यतः सल्फेट, तर समुद्रकिनारी क्लोराइड संयुगे आढळतात. घट्ट चिकटलेला थर खालच्या धातूची झीज मंदावतो.

न्यूयॉर्क येथील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा हे याचे सुपरिचित उदाहरण होय. १८८६ साली अनावरण झाले तेव्हा त्याचा सुमारे २.४ मिमी जाडीचा तांब्याचा पत्रा तांबूस होता. १९०६ मध्ये हिरवा होत चाललेला पुतळा रंगवण्याचा विचार पुढे आला. परंतु लोकांनी विरोध केला. लष्करी अभियंत्यांनीही हा थर पत्र्याचे रक्षण करतो, असा निर्वाळा दिला.

सौंदर्यमूल्य

ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीगल यांनी १९०३ च्या निबंधात 'कालमूल्य' ही संकल्पना मांडली. वस्तूचे ऐतिहासिक मूल्य कळण्यास अभ्यास लागतो. वस्तूवरील काळाच्या खुणा मात्र सामान्य माणसालाही भावतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

स्वच्छता आणि जतन

महाराष्ट्रातील घरांत तांब्यापितळेची भांडी चिंचेने लख्ख घासण्याची रीत आहे. चिंचेतील टार्टारिक आम्ल धातूवरील संयुगे विरघळवते. रोजच्या वापरातील भांड्यांसाठी, विशेषतः अन्नाशी संबंध येत असल्याने, ही रीत योग्यच आहे. परंतु शिवराईसारख्या जुन्या नाण्यांना हीच पद्धत लावल्यास थराबरोबर झिजलेल्या अक्षरांचे उरलेसुरले उठावही नष्ट होऊ शकतात आणि संग्राहकांच्या दृष्टीने नाण्याचे मोल घटते. घासलेले नाणे पुन्हा काळवंडते. पण गेलेली अक्षरे परत येत नाहीत.

प्रत्येक हिरवा थर मात्र हितकारक नसतो. क्लोराइड आणि ओलावा यांमुळे कासे व तांबे यांवर फिकट हिरवी भुकटी दिसू लागल्यास ती चालू असलेल्या क्षरणाची खूण असते. यास 'ब्राँझचा रोग' म्हणतात. अशी वस्तू कोरड्या जागी ठेवून तज्ज्ञांकडून तिच्यावर उपचार करून घ्यावे लागतात. म्हणून जुनी वस्तू हाती आल्यास तिच्यावरील थर रक्षक आहे की मारक, हे जाणून घेतल्याशिवाय ती घासू नये.